दुखणें अंगावर काढण्याची किंमत

उभ्या तुरीवर घाटे अळी दिसली म्हणजे शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. अळी लहान आहे तोंवर थोड्या औषधानें काम भागतें. ती मोठी झाली म्हणजे फवारणीचा खर्चही जातो आणि पीकही जातें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. बैलानें वैरण टाकली तर तो रात्रींच गुरांच्या डॉक्टरास बोलावणें पाठवितो. परंतु त्याच घरांतील बाईच्या अंगावरून तीन महिने जात असलें, किंवा म्हाताऱ्याचा खोकला महिना उलटला तरी हटत नसला, तर "एवढी सुगी होऊं द्या, मग पाहूं," असें म्हणून तें दुखणें अंगावर काढण्यांत येतें.

याला शेतकऱ्याचें अज्ञान म्हणण्याची शहरांत रीत आहे. आमचें मत तसें नाहीं. हा अज्ञानाचा प्रकार नसून हिशेबाचा आहे. हातांत पैसा नसलेला मनुष्य जो हिशेब करतो त्यास तो त्या दिवसापुरता बरोबरच वाटतो. वर्षाअखेर मात्र तोच हिशेब त्यास बुडवितो. तो कोठें चुकतो, आणि आपण शेतकरी मंडळींनीं एकत्र येऊन तो कसा सुधारावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

गरिबी आजार कशी पेरते

आपला भूम तालुका बालाघाटाच्या रांगांत वसलेला. जमीन पुष्कळ ठिकाणीं हलकी व मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींच्या स्मरणांत आहे; २०१२ पासूनच्या टंचाईच्या वर्षांतील चारा-छावण्या आणि टँकरच्या रांगा तर तरुणांनींही पाहिल्या आहेत. २०१८ सालीं केंद्र सरकारनें 'आकांक्षित' जिल्ह्यांची, म्हणजे मागें राहिलेल्या जिल्ह्यांची, जी यादी केली तींत आपला तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव जिल्हा होता.

अशा मुलुखांत साल वाईट गेलें म्हणजे ताटांतून प्रथम काय जातें? भाकरी जात नाहीं; वरण, पालेभाजी आणि दूध हीं जातात. पोट भरतें, पण अंगीं बळ येत नाहीं. आपल्याकडे दुधाचा तुटवडा आहे असें नव्हे. कुंथलगिरीकडचा खवा दूरवर जातो. परंतु ज्या घरीं दुधाचा पैसा हाच रोजचा आधार, त्या घरचें दूध भट्टीवर जातें आणि लेकरांच्या वाट्यास कोरा चहा येतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्यांहून अधिक, म्हणजे शेंकडा ५४ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिनचा अंश कमी भरला. अशा बाईस खुरपणींत धाप लागते, बाळंतपण जड जातें, आणि होणारें मूलही पुष्कळदां वजनानें कमी भरतें. गरिबी अशा रीतीनें आईकडून मुलाकडे वारशानें जाते.

अन्न आणि रोग यांचा संबंध किती जवळचा आहे हें झारखंडांतील एका प्रयोगानें स्पष्ट झालें आहे. तेथें २०१९ ते २०२२ या वर्षांत क्षयरोग्यांच्या कांहीं कुटुंबांतील माणसांस दरमहा धान्य-डाळीचा शिधा देण्यांत आला, व कांहींस नेहमींप्रमाणें ठेवण्यांत आलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, शिधा मिळालेल्या घरांत नव्यानें क्षय जडण्याचें प्रमाण सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झालें. त्यांस कोणतेंही नवें औषध दिलेलें नव्हतें; केवळ पोटभर व सकस अन्न दिलें होतें.

पाण्याचेंही तसेंच आहे. नारूचा रोग वडील मंडळींस ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरतांना नारू झालेला पाय पाण्यांत बुडे, आणि तेंच पाणी गांव पीत असे. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हतें. पाणी गाळून पिणें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें आणि हातपंप बसविणें एवढ्यानेंच तो हटला. १९९६ नंतर भारतांत त्याचा रोगी आढळला नाहीं, व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. रोगाचें मूळ पुष्कळदां शरीराबाहेर असतें, आणि तें आपल्या हातांनीं उपटतां येतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

उशीर कोठें लागतो

आतां दुसरा भाग. आजार जडल्यावर गरिबास उपचार कां मिळत नाहीं?

सरकारी दवाखाना दूर आहे, एवढेंच उत्तर देऊन भागत नाहीं. भूम येथें ग्रामीण रुग्णालय आहे, खेड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें व उपकेंद्रें आहेत. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केस-पेपरापासून उपचारापर्यंत सर्व निःशुल्क झालें आहे. तरीही मनुष्य जात नाहीं. कां?

असें समजा कीं, एका शेतमजूर बाईच्या अंगावरून जात आहे. गांव भूमपासून पंधरा किलोमीटरांवर. ती नवऱ्यास सोबत घेऊन एस.टी.नें भूमला गेली तर दोघांचा रोज बुडाला. तेथें तिला सांगण्यांत आलें कीं पुढील तपासणी बार्शीस किंवा धाराशिवास करून घ्यावी. म्हणजे दुसरा दिवस, आणि पुन्हां दोघांचा रोज. तपासणीचा निकाल घेण्यास तिसरा दिवस. औषधास पैसा पडला नाहीं हें खरें, परंतु त्या फुकट औषधापायीं सहा रोज आणि गाडीभाडें गेलें. घरीं शेळ्या उपाशी राहिल्या आणि लेकरें शेजारणीवर पडलीं तें निराळेंच. ज्या घरांत आठवड्याच्या मजुरीवर आठवड्याचा बाजार होतो, त्या घरीं सहा रोज ही लहान रक्कम नव्हे. म्हणून ती बाई गांवच्या दुकानांतून गोळी आणून खाते. गोळीनें वेदना थांबते. रोग थांबत नाहीं.

हा हिशेब मजुराचाच आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. पांच एकर कोरडवाहू जमिनीचा धनीही पेरणीच्या घाईंत असेंच करतो. त्याचा रोज बुडत नाहीं, पण वाफसा जातो. आणि वाफसा गेला म्हणजे वर्ष जातें, हें त्यास पुरतें ठाऊक असतें.

पुढें एके दिवशीं दुखणें असह्य होतें आणि मग धांवाधांव सुरू होते. त्या वेळीं मागितला जाणारा पैसा शेंकड्यांत नसतो, लाखांत असतो. बैलजोडी जाते, डाग मोडले जातात, शेवटीं जमीन गहाण पडते. जी बाई सहा रोज वांचवूं पाहत होती तिच्या घरचा दोन एकरांचा तुकडा जातो, आणि जीवही वांचेलच असें नाहीं.

येथें सरकारी विमा योजनेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्यें राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढल्या वर्षीं सर्व राज्यांत लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालू आहे. आत्महत्यांनीं ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तींत घेण्यांत आलें होतें, आणि त्या चौदांत आपला जिल्हा होता. पूर्वीं कुटुंबास वर्षाला दीड लाखांपर्यंत संरक्षण असे; २०२३ सालच्या निर्णयानें तें पांच लाखांवर नेऊन सर्व शिधापत्रिकाधारकांस योजना खुली करण्यांत आली. ही मोठी सोय आहे व प्रत्येकानें तिचा लाभ घ्यावा. परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्याच्या, ठरलेल्या शस्त्रक्रिया व उपचारांचा खर्च उचलते. बाह्यरुग्ण म्हणून केलेली पहिली तपासणी, गाडीभाडें आणि बुडालेला रोज ती देत नाहीं. म्हणजे झाड पडल्यावर योजना धांवून येते. झाडास वाळवी लागली तेव्हां लागणारा थोडा पैसा ज्याचा त्यासच उभा करावा लागतो. आणि गरीब मनुष्य अडतो तो नेमका तेथेंच.

बार्शीचा धडा

उशिरानें केवढा फरक पडतो याचा पुरावा आपल्याच दाराशीं आहे. बार्शी येथें १९८७ सालीं कर्करोगाच्या नोंदणीचें काम सुरू झालें. खेड्यांतील कर्करोगाची अशी नोंदवही देशांत पहिलीच होय, आणि तिच्या क्षेत्रांत बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील तीनशेंहून अधिक खेडीं घेण्यांत आलीं. रोगी आपण होऊन रुग्णालयांत येत नाहींत हें ध्यानीं घेऊन कार्यकर्ते स्वतः गांवोगांव गेले, लक्षणें समजावून सांगितलीं, आणि संशय येईल त्यास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत तपासणीस येण्याची विनवणी केली. त्या काळीं या भागांतील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक दिसून आला. हा रोग वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो, आरंभीं दुखत नाहीं, आणि आरंभींच सांपडला तर थोडक्या उपचारानें बरा होतो. लोकांस समजावून सांगण्याचें काम जसजसें वाढलें तसतशा बायका आधींच्या अवस्थेंत तपासणीस येऊं लागल्या.

याच अनुभवावर १९९९ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग हातीं घेण्यांत आला. तीस ते एकूणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गांववार चार गट पाडण्यांत आले. तीन गटांत तीन निरनिराळ्या पद्धतींनीं एकदांच तपासणी झाली. चवथ्या गटास केवळ माहिती देऊन नेहमींच्या सोयींवर सोडण्यांत आलें. आठ वर्षांचा निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तो वाचकांनीं नीट पाहावा.

ज्या गटांत रोगाच्या विषाणूची तपासणी झाली त्यांत ३४,१२६ स्त्रिया होत्या, व त्यांपैकीं १२७ जणींस कर्करोग निघाला. बिनतपासणीच्या गटांत ३१,४८८ स्त्रिया होत्या. तेथें ११८ जणींस निघाला. म्हणजे रोग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. परंतु पहिल्या गटांत पुढच्या अवस्थेस गेलेल्या ३९ होत्या, दुसऱ्यांत ८२. आणि मृत्यु? पहिल्या गटांत ३४, दुसऱ्यांत ६४. जिल्हा तोच, रुग्णालयें तींच, गरिबीही तीच. फरक पडला तो रोग केव्हां सांपडला याचा. इतर दोन पद्धतींनीं मात्र मृत्यूंत असा निश्चित फरक दिसून आला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कारण तपासणी कोणती, यासही महत्त्व आहे.

चवथ्या गटांतील बायकांस तपासणी दिली गेली नाहीं याबद्दल पुढें नीतीच्या दृष्टीनें कडक टीका झाली, आणि तो प्रश्न गंभीर आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट आपणही मनांत आणावी. ज्या गांवांतून आज कोणीच बाई तपासणीस जात नाहीं, तें गांव कोणीं न पाडतां आपोआप चवथ्या गटांत पडलेलें आहे.

गरिबावर होणारा नको तो उपचार

गरिबास उपचार मिळत नाहीं, तसाच पुष्कळदां नको तो उपचारही मिळतो. दसरा-दिवाळीनंतर आपल्या व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊंसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाहीं. एक दिवस काम चुकलें तर खाडा धरला जातो. फडावर न्हाणीघर नसतें, पाणी पुरेसें नसतें; बाईचें दुखणें तेथें वाढतें, आणि खाड्याच्या धाकानें तें लपविलें जातें. अशा बायकांस गर्भाशय काढून टाकण्याचाच सल्ला सर्रास दिला गेला, अशी ओरड झाल्यावरून राज्य सरकारनें २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. बीड जिल्ह्यांत पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे शेंकडा सतराच्या आसपास. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत सर्व देशाचें हेंच प्रमाण शेंकडा तीनच्या जवळ होतें.

पुष्कळ ठिकाणीं साध्या गोळ्यांनीं बरें होणारें दुखणें शस्त्रक्रियेपर्यंत कां गेलें? कारण बाईपाशीं पुन्हां पुन्हां दवाखान्यांत येण्यास वेळ नव्हता. "एकदांच काय तें करून टाका," ही मागणी गरिबीची होती, आणि तिचा लाभ घेणारेही भेटले. खर्चासाठीं पुन्हां उचल घेतली गेली, आणि ती फेडण्यास पुन्हां कोयता उचलावा लागला. आजार, कर्ज आणि कष्ट यांचा रहाट असा फिरत राहतो.

जामखेडनें काय केलें

हा रहाट थांबवितां येतो काय? येतो, आणि तें आपल्या शेजारच्याच तालुक्यांत घडलें आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं जामखेडास आलें. लवकरच दुष्काळ पडला. गांवकऱ्यांनीं त्यांस सांगितलें कीं आम्हांस आधीं पाणी हवें, अन्न हवें. डॉक्टरांनीं तें ऐकून घेतलें, यांतच त्यांचें मोठेपण आहे. कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्या दलित वस्तींत खोदल्या गेल्या, जेणेंकरून साऱ्या गांवानें तेथें पाण्यास यावें. लहान मुलांसाठीं गांवोगांव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला.

शिकलेल्या परिचारिका खेड्यांत टिकेनात, तेव्हां गांवांतीलच बायका निवडण्यांत आल्या. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजांतील होत्या. बाळंतपण, अतिसारांत मीठ-साखरेचें पाणी, मुलाचें वजन, क्षयाचा संशय, एवढ्या गोष्टी त्या शिकल्या आणि शेजारणींस शिकवूं लागल्या. त्यांच्या पाठीशीं गांवोगांव शेतकरी मंडळें उभीं राहिलीं. पाणी अडविणें, झाडें लावणें हीं कामें त्या मंडळांनीं अंगावर घेतलीं. १९७१ मध्यें त्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत. १९७६ मध्यें हा आंकडा ५२ वर आला, आणि शतक सरतां सरतां तिसाच्या खालीं गेला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आपल्या जिल्ह्यांतही तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनीं गांवच्या बायकांस 'भारतवैद्य' म्हणून तयार करून याच वाटेनें काम उभें केलें.

जामखेडचा धडा असा कीं, उपचार गांवापासून एका हांकेवर आणला म्हणजे उशीर टळतो. रोज बुडत नाहीं, भाडें पडत नाहीं, आणि बाईस आपलें दुखणें बाईजवळ बोलतां येतें.

आपण काय करावें

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत.

पहिली: गांवच्या सोसायटीनें लहानसा आजार-फंड काढावा. सुगीस प्रत्येक खातेदारानें ऐपतीप्रमाणें पायली-दोन पायली ज्वारी किंवा तितक्या किंमतीची रक्कम घालावी. हा फंड शस्त्रक्रियेसाठीं नव्हे. त्यासाठीं सरकारी योजना आहे. हा फंड केवळ पहिल्या तपासणीसाठीं, गाडीभाडें आणि बुडालेला रोज यांसाठीं असावा. थोडा पैसा वेळेवर मिळाला म्हणजे मोठ्या पैशाची गरज पुष्कळदां पडत नाहीं.

दुसरी: खुरपणी संपल्यावर आणि ऊंसतोडीची टोळी निघण्यापूर्वीं, म्हणजे दसऱ्याच्या आधीं, गांवांत एक तपासणीचा दिवस ठरवावा. आशा कार्यकर्ती व आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्याशीं आधीं बोलून रक्त, रक्तदाब, साखर, खोकला आणि तीस वर्षांवरील बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी होईल अशी तजवीज करावी.

तिसरी: आपल्या शेतावरील मजूर तपासणीस गेला तर त्या दिवसाचा रोज कापूं नये. धन्यास हा तोटा वाटेल, पण अशक्त मजुराकडून होणाऱ्या कामाचा तोटा त्याहून मोठा असतो. शिवाय तो माणुसकीचा प्रश्न आहे.

चवथी: शिधापत्रिका व आधारावरील नांवें आजार येण्यापूर्वींच तपासून जुळवून ठेवावींत. रोगी खाटेवर असतां कागद शोधण्यांत दोन दिवस जातात.

पांचवी: कोणीं गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टराचें, शक्यतों सरकारी रुग्णालयाचें, मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

यांपैकीं एकाही गोष्टीस सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं, भाव आपल्या हातीं नाहीं. परंतु दुखणें किती दिवस अंगावर काढावयाचें हें पुष्कळ अंशीं गांवाच्या हातीं आहे. येत्या दसऱ्यापूर्वीं ज्या गांवची सोसायटी असा एक दिवस ठरवील, तिनें तेथील अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. तो आम्ही या मासिकांत आनंदानें छापूं, म्हणजे शेजारच्या गांवासही तोच मार्ग सुचेल.